पाच वाद्यं आणि आभारप्रदर्शन

४ जानेवारी, बुधवार

मूल आणि सावली या दोन तालुक्यांतल्या, कान असलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! आपल्या कानांवर आजवर सगळ्यांनी मालकी सांगितली. सकाळी घंटागाडीने सांगितली, दुपारी साड्यांच्या सेलच्या ऑटोने सांगितली, लग्नात डीजेने सांगितली आणि निवडणुकीत तर विचारूच नका. आपल्याला ऐकवायला सगळे आले. आपल्याला काय ऐकायचं आहे, हे विचारायला एकही आला नाही!

रविवारच्या उद्घाटनाच्या भाषणाची ही सुरुवात. इथे लिहिली आणि मग आरशासमोर म्हणून पाहिली. बायको, चंदा, तांदूळ निसत बसली होती. म्हणाली, "चांगलं हाये. पन गानं कवा लावान?"

"आधी भूमिका समजाले पायजे न," मी म्हणालो.

"हो. भूमिका तं लागतेच," ती म्हणाली आणि सूप पाखडू लागली.

कॉलेजात चौतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्याहून जास्त वर्षं चंद्रपूरपासून गडचिरोलीपर्यंत व्यासपीठांवर बोललो. निवृत्तीच्या महिन्यात ग्रंथालयाने सव्वीस सीडी रद्दीत काढल्या. कुठल्याशा अनुदानात आल्या होत्या आणि प्लास्टिकचं वेष्टनही कोणी फाडलं नव्हतं. मी घरी आणल्या. ब्राम्स, शूबर्ट, मेंडेल्सन, सगळं एकोणिसाव्या शतकातलं युरोपातलं चेंबर म्युझिक, म्हणजे चार-पाच माणसांनी एका खोलीत बसून वाजवायचं संगीत. समोर काठी हलवणारा कोणी नाही. कोणी पुढारी नाही. एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने उचलायचा, तिसऱ्याने विरोध करायचा आणि शेवट सगळ्यांनी मिळून करायचा. आयुष्यभर मी ज्या समाजाबद्दल बोललो तो मला त्या सव्वीस डब्यांत सापडला. हे एकट्याने ऐकत बसणं मला चोरीसारखं वाटू लागलं.

म्हणून वस्तीच्या वाचनालयात दर रविवारी चार ते सहा श्रवणसभा. समितीचे अध्यक्ष मुखरूभाऊ उंदिरवाडे यांनी हॉल दिला.

८ जानेवारी, रविवार

त्रेचाळीस माणसं! दोन पुष्पहार कमी पडले.

प्रतिमापूजन, स्वागतगीत, मान्यवरांचा सत्कार आणि मग माझं प्रास्ताविक. ते पन्नास मिनिटं चाललं. टाळ्या सात वेळा. त्यानंतर मेंडेल्सनचं अष्टक लावलं. सोळाव्या वर्षी लिहिलेलं, आठ तंतुवाद्यांचं.

एक घोळ झाला. या संगीतात एक भाग संपला की क्षणभर शांतता असते आणि मग दुसरा सुरू होतो. असे चार भाग. हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. पहिला भाग संपताच टाळ्या पडल्या आणि मुखरूभाऊ अध्यक्षीय भाषणाला उभे राहिले. ते संपल्यावर सचिवांनी आभार मानले. मंडपवाले, माइकवाले, पोहे देणाऱ्या भगिनी, सगळ्यांचे. लोक चपला शोधू लागले. मी ओरडून सांगितलं की अजून तीन भाग बाकी आहेत. तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला मी गांभीर्य म्हणेन.

घरी आल्यावर चंदा म्हणाली, "त्या पोराचं ते पयलं मले आवडलं. आठ जनं एकदम धावून राह्यले, अन् कोनी कोनाले धडकत नाई."

इतकं नेमकं मला पन्नास मिनिटांत सांगता आलं नव्हतं, हे इथे प्रांजळपणे नोंदवतो.

१५ जानेवारी, रविवार

एकोणीस. संक्रांतीमुळे असेल.

आज शूबर्ट. दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जरा मोठा एक व्हायोला आणि दोन सेलो. सेलो म्हणजे खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. दुसऱ्या भागात मधली तीन वाद्यं जवळजवळ जागची हलत नाहीत. वरचं व्हायोलिन तुटक तुटक बोलतं, आणि खालचा सेलो तारा बोटांनी छेडत सोबत करतो. एकतिसाव्या वर्षी, मृत्यूच्या दोन महिने आधी हे लिहून झालं. त्या काळातल्या व्हिएन्नाची सामाजिक स्थिती मी सविस्तर मांडली.

एक गोष्ट खटकली. हॉलच्या खिडक्या अंगणात उघडतात. "आता आपण प्रत्यक्ष संगीताकडे वळू" हे मी म्हणालो आणि बाहेर करंजाखाली सायकली येऊन थांबल्या. चार-पाच रिकामटेकडे. विचार मांडून झाल्यावर यायचं आणि फुकटची करमणूक तेवढी घ्यायची! सभा संपून मी बाहेर येईपर्यंत पसार.

२२ जानेवारी, रविवार

अकरा. बाहेर मात्र बारा-पंधरा. पुन्हा त्याच वाक्याला आले, घड्याळ लावल्यासारखे.

आज ब्राम्सचं क्लॅरिनेट पंचक लावलं. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, म्हणजे आपल्याकडे सरकारी निवृत्तीचं वय. आता लिहिणं बंद, असं त्याने ठरवलं होतं. मग एका वादकाची क्लॅरिनेट ऐकली आणि पुन्हा लिहायला बसला. दोन व्हायोलिन गिरकी घेत सुरुवात करतात, आणि क्लॅरिनेट त्यांच्या खालून, दार न वाजवता आत येते.

ती आत आली त्या क्षणी बाहेर पायरीवर कोणीतरी मोठ्याने "अरे!" म्हणालं. मी खिडकीतून पाहिलं. इब्राहीमभाई. बसस्टँडमागे कुकर आणि शेगड्या दुरुस्त करतात. पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. माझ्या लग्नातही तेच होते. मी हात करून आत बोलावलं. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि जागचे हलले नाहीत. लाजाळू माणूस.

२५ जानेवारी, बुधवार

मुखरूभाऊ घरी आले. चहा अर्धा होईपर्यंत धानाचंच बोलले. मग म्हणाले, "गुलाबभाऊ, राग नोका मानू. त्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासवाल्यानं रविवारचा हॉल मांगतला. पन्नास पोरं येतेत त्याच्याकडे. तुमच्याकडे किती येऊन राह्यले?"

"संख्येवर विचार मोजायचा नसते, मुखरूभाऊ."

"विचार नाई मोजत जी. माणसं मोजतो. समितीनं ठराव केला. फेब्रुवारीच्या आखरी रविवारी हॉलात वीस माणसं दिसली तं हॉल तुमचा. नाई तं क्लासचा."

मी अर्धा तास बोललो. त्यांनी पूर्ण ऐकलं. जाताना म्हणाले, "बोलता लय चांगले तुमी."

वीस माणसं! मी पाच हजारांच्या सभा गाजवल्या आहेत. बस्तरच्या सीमेपर्यंत लोक मला नावाने ओळखतात. वीस माणसं आणणं मला जड नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

सात. त्यात मी, चंदा, सचिव आणि माइकवाला.

प्रबोधन कमी पडतं आहे. आज प्रास्ताविक सव्वा तास केलं. बाहेर तीस तरी असतील. भाजीवाली अंजनाबाई टोपली उपडी करून तिच्यावर बसली होती. राइस मिलचा एक हमाल, केसांत धानाचा कोंडा तसाच. हे लोक आत का येत नाहीत? युरोपचं म्हणजे आपलं नाही, हा न्यूनगंड यांच्या मनात कोणी पेरला? यावर स्वतंत्र व्याख्यान द्यावं लागेल.

चंदाला विचारलं, तुला काय वाटतं. म्हणाली, "तुमी बोलून राह्यले तवा मी घरी गेली, कुकर लावला, चार शिट्या घेतल्या अन् वापस आली. तुमी अजून जर्मनीतच होते."

ही घरी गेली होती, हे मला कळलंच नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज मी खिडक्या लावून घेतल्या.

कारण सरळ आहे. खिडक्या उघड्या असतील तर बाहेरचे आत कशाला येतील? ब्राम्स पुन्हा लावला. दुसरा भाग सुरू झाला, तारांचा आवाज दाबून अगदी हलकेच वाजवलेला. इतक्यात खिडकीच्या काचेवर टकटक. उघडली, तर इब्राहीमभाई.

"सर, खिडकी काऊन लावली जी?"

"सभेत व्यत्यय नको म्हणून."

"आमी कुठी आवाज करून राह्यलो? जवाई सासरी बसते तसे बसून राह्यलो."

मागून अंजनाबाई ओरडली, "उघडी ठेवा नं सर! तो वाजवनारा आता रडाले लागते अन् तुमी खिडकी लावून घेतली!"

"तर मग आत या ना!" माझा आवाज चढला. "खुर्च्या रिकाम्या आहेत. पंखा आहे. तुमचा हक्काचा हॉल आहे. तुम्हाला आत यायला कोणी अडवलं?"

 मग इब्राहीमभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "भाषण अच्छा रहते सर तुमचं. झूठ नाई बोलत. पण भाषण आयकाले आमाले सहा डिसेंबर हाये, चौदा एप्रिल हाये. तवा आमी येतोच न? हे आयकाले फकस्त रविवारच हाये."

माझ्या मागे ब्राम्स एकटाच वाजत होता. मी खिडकी उघडी ठेवली आणि जागेवर येऊन बसलो. पुढचं काही ऐकू आलं नाही.

१५ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण हात चालेना.

मी मनातल्या मनात उत्तरं तयार केली. एकूण चार. भूमिकेशिवाय कला म्हणजे करमणूक, हे पहिलं. लोकांना संदर्भ दिला नाही तर ते संगीताचे गिऱ्हाईक होतील, हे दुसरं. चारही उत्तरं चांगली आहेत. एकही मला पटत नाही.

आज जेवताना चंदा म्हणाली, "तुमी त्यायच्यावर रागावले का?"

"नाही."

"मंग माह्यावर?"

"नाही."

"मंग भाजी काऊन मागत नाई?"

१६ फेब्रुवारी, गुरुवार

इब्राहीमभाईंच्या दुकानात गेलो. कुकर न्यायचा विसरलो, त्यामुळे बहाणा राहिला नाही. सरळ म्हणालो, "क्लॅरिनेट ऐकायची होती. तुमच्यासोबत."

त्यांनी स्टुलावरची पक्कड उचलली आणि जागा केली. माझ्या फोनमध्ये पंचकाची दोन ध्वनिमुद्रणं आहेत. एक माझ्या सीडीवरचं, जुनं, खरखरीचं. दुसरं पिंकीने हैदराबादहून पाठवलेलं, नव्या यंत्रावर काचेसारखं स्वच्छ केलेलं. लेकीचा आग्रह म्हणून मी हल्ली तेच ऐकतो. तेच आधी लावलं. इब्राहीमभाईंनी मान डोलावली. मग जुनं लावलं. दोन मिनिटांत त्यांनी हात वर केला.

"हा. हे पायजे. यात माणूस हाये."

"त्यातही माणूसच आहे, इब्राहीमभाई."

"त्याचा दम पुसून टाकला जी मशीननं. याचा आयका. आता... थांबा... हां! घेतला. आयकू आला?"

मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं. वादक जिथे श्वास घेतो तिथे ते बोट टेकवत गेले. एक. मग लांबच लांब काही नाही. मग दोन. चौथ्या वेळी मला ऐकू आलं. एक बारीकसा "हफ्". सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सुरांच्या मध्ये एका जिवंत माणसाने भरलेली छाती. ही सीडी मी दोन वर्षांत चाळीस वेळा तरी लावली असेल. त्यावर मी तीन व्याख्यानं दिली आहेत. हा श्वास मी आज पहिल्यांदा ऐकला.

"आमाले जोरात फुकाले शिकवलं," इब्राहीमभाई म्हणाले. "समोर ढोल, मागं जनरेटर, बाजूनं ट्रक. जोरात नाई फुकलं तं नवरदेवाले बी आयकू नाई येत. हा हळू फुकून राह्यला. हळू फुकनं कठीण रहते, सर. त्यात दम जास्त लागते."

मी विचारलं, आता का वाजवत नाही. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. वरचे पुढचे दात नव्हते. "कवळी हाये घरी. पण कवळीनं बिर्याणी खाता येते. सूर नाई पकडता येत." आणि इतके हसले की शेजारचा पानवाला डोकावला. "कायले वाईट वाटून घेता? म्या पस्तीस वर्षं वाजवलं. आता बसून आयकतो. हे बी बढिया काम हाये."

दीड तास बसलो. तीन गिऱ्हाइकं परत गेली. मी एकूण किती बोललो असेन? दहा-बारा वाक्यं.

१९ फेब्रुवारी, रविवार

गडचिरोलीला शिवजयंतीचं व्याख्यान, म्हणून सभा नाही. व्याख्यान उत्तम झालं. परतताना बसच्या खिडकीशी डोकं टेकून मी मागच्या सीटवरच्या म्हातारीचा श्वास ऐकत आलो.

२६ फेब्रुवारी, रविवार

आखरी रविवार. मुखरूभाऊ चार वाजताच रजिस्टर घेऊन पहिल्या रांगेत बसले. हॉलात मी, चंदा, सचिव, माइकवाला आणि ते. पाच.

प्रास्ताविकाची अकरा पानं खिशात होती. खरं सांगतो, फेकून द्यायची हिंमत झाली नव्हती. मी माइकसमोर उभा राहिलो. खिडकीबाहेर अंगण रिकामं. ते लोक ज्या वाक्याची वाट पाहतात ते मी पहिलंच वाक्य म्हणून टाकलं: "आता आपण प्रत्यक्ष संगीताकडे वळू." आणि बटण दाबलं.

बाहेर धांदल उडाली. इतक्या लवकर कोणाचीच तयारी नव्हती. रस्त्यापलीकडून माणसं पळत आली. अंजनाबाईने एका गिऱ्हाइकाची मेथी तशीच गोणपाटावर ठेवली, रिकामी टोपली उचलली आणि त्या बाईलाच सोबत घेऊन आली. आत मात्र सवयीने कोणीच आलं नाही.

पहिला भाग संपला. शांतता. अंगणात एकाने टाळी वाजवायला हात उचलला, तर शेजारच्याने तो धरला. मुखरूभाऊ माझ्या कानाशी आले. "गुलाबभाऊ, बाहेर लय हायेत. एक आवाज द्या. तुमच्या आवाजावर सारे आत येतीन. वीसच्या वर जाते आकडा."

खरं होतं. माझ्या आवाजावर ते आले असते. मी उभाही राहिलो. तेवढ्यात दुसरा भाग सुरू झाला, तो हळू फुंकायचा, आणि खिडकीतून मला ते सगळे दिसले. इब्राहीमभाई पायरीवर, डोळे मिटून. मिलचा हमाल सायकलच्या दांडीवर कोपर टेकून. अंजनाबाई टोपलीवर, मेथी घ्यायला आलेली बाई तिच्या पायाशी. एवढ्यांना हाक मारली असती तर ते उठले असते, चपला काढल्या असत्या, खुर्च्या सरकवल्या असत्या, आणि हे जे चाललं होतं ते मोडलं असतं. हॉलसाठी मोडलं असतं.

मी माझी खुर्ची उचलली आणि बाहेर गेलो. करंजाखाली ठेवली, बसलो. मागोमाग चंदा आली, तिची खुर्ची घेऊन. मग सचिव. मग माइकवालाही. कोणी वळून पाहिलं नाही.

मधे क्लॅरिनेट एकदम बेभान होते, वर चढते, कोसळते, पुन्हा चढते. तेव्हा माझ्या खांद्याला कोणाचा तरी हात लागला. मुखरूभाऊ, रजिस्टर काखेत. उभे राहून ऐकत होते.

शेवटच्या भागाच्या अगदी शेवटी सुरुवातीची ती गिरकी परत येते आणि सगळं विझत जातं. विझलं.  मग अंजनाबाईने पदराने तोंड पुसलं आणि त्या बाईला म्हणाली, "चल, तुले जुडी देतो." पाठोपाठ सगळे उठले. आभार मानायचे राहिले.

"आता म्या काय लिहू?" मुखरूभाऊंनी रजिस्टर उघडलं. "हॉलात कोनीच नाई. मी बी बाहेर आलो."

"शून्य लिहा."

"शून्य लिहिलं तं हॉल गेला, गुलाबभाऊ."

"माहीत आहे. लिहा."

त्यांनी लिहिलं. बाहेर किती होते, ते दोघांपैकी कोणीच मोजलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

हॉल क्लासला गेला. चार ते सहा अंगणातही आवाज नको, ही त्यांची अट. तीही रास्त आहे. पोरं अभ्यास करणार.

वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. चंदा म्हणाली, "बरंच झालं. मार्चात चार वाजता आंगनात कोन बसन? चंदरपूरचं ऊन हाये ते. सकाळचं ठेवा." आणि मुखरूभाऊंनी नियमांची वही चाळून सांगितलं की समितीच्या ठरावांत अंगणाचा उल्लेखच नाही, म्हणजे सकाळचं अंगण कोणाचंच नाही. स्पीकरची वायर खिडकीतून ते स्वतः बाहेर काढून देणार आहेत.

अकरा पानं वाचनालयाच्या सूचनाफलकावर लावली. ज्याला वाचायची असतील तो वाचेल. संध्याकाळी जाऊन पाहिलं. चौथ्या पानासमोर एक माणूस उभा होता. मी त्याला काही समजावून सांगितलं नाही. बऱ्यापैकी कठीण गेलं.

शूबर्ट लावायचा ठरला आहे, दोन सेलोंचा. इब्राहीमभाईंनी निवडला. म्हणाले, यात फुंकणारा कोणी नाही, तरी दम कुठे घेतात ते पाहू.

फलकाच्या खालच्या कोपऱ्यात हे लिहून आलो:

रविवार, ५ मार्च, सकाळी सात. वाचनालयाचं अंगण. पाच वाद्यं, पाऊण तासाहून थोडं जास्त. कोणी बोलणार नाही. उभे राहून पाय दुखवू नका. येताना घरून बसायला धानाची एक रिकामी बोरी घेऊन या.